अकरा वळणांचा सौदा

मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. शेती अवजारांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. खुरप्यापासून ठिबकच्या नळीपर्यंत जे विकलं आणि जे विकत घेतलं, ते सगळं घासाघीस करूनच. समोरचा थकला की मी चहा मागवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अशा माणसावर गेल्या वर्षी त्याच्याच घरात एक निकाल लादला गेला. तो आठवला तरी माझी कानशिलं अजून तापतात.

निकाल असा होता : करंजीचा घाट सायकलवर चढायचा असेल तर खुशाल चढा, उतरायचा मात्र टेम्पोत बसून.

निकाल देणारी माझी बायको.

ज्याने कधी सायकलवर घाट चढला नाही त्याला यातला अन्याय कळायचा नाही. चढ म्हणजे कष्ट आणि उतार म्हणजे मजुरी. दिवसभर खुरपणी करून घ्यायची आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी पाठवायचं, तसला हा प्रकार.

आमचं गाव घाटाच्या खालच्या अंगाला, पाथर्डीच्या बाजूला आहे. नगरला जायचं तर घाट चढावा लागतो आणि घरी यायचं तर उतरावा लागतो. विशीत माझ्याकडे दुकान नव्हतं, एक काळी चोवीस इंची सायकल होती. तिच्या कॅरिअरवर कासरे, वेसणी, म्होरक्या आणि घुंगरमाळा बांधून मी बैलबाजार फिरायचो. लांबचा काष्टीचा बाजार असला की सायकल एसटीच्या टपावर जायची. चढाला मी सायकल ढकलायचो आणि उताराला सायकल मला न्यायची. ब्रेक म्हणजे रबराचे झिजलेले दोन तुकडे आणि त्यावर उपाय म्हणून उजवी चप्पल. पाय पुढच्या टायरवर दाबायचा, जळक्या रबराचा वास आला की समजायचं, लागतोय ब्रेक. त्या काळातल्या माझ्या प्रत्येक जोडीतली उजवी चप्पल आधी संपायची. घुंगरमाळा मागे एवढ्या वाजायच्या की वळणापलीकडच्या बैलगाड्याही बाजूला व्हायच्या. मी एकदाही पडलो नाही.

पन्नाशी ओलांडली, डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि मी गिअरची सायकल घ्यायला नगरला गेलो. दुकानदाराला मी दुपार संपेपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी त्याने दिवा, पाण्याची बाटली आणि हेल्मेट वर घातलं, ते मी नुसतं उठावं म्हणून. तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी घाटात असतो.

चढताना शत्रू एकच, आपलं पोट. त्याच्याशी भांडत भांडत वर जायचं, माथ्यावरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा घ्यायचा, माकडांपासून बिस्किटं वाचवायची आणि मग हेल्मेटचा पट्टा आवळायचा. इथपासून खाली माझ्या मोजणीने अकरा वळणं आहेत. सरकारची मोजणी वेगळी असेल. त्यांनी ती गाडीत बसून केली असणार.

पहिल्या दोन वळणांत वारा आडवा येतो, खिंडीतून एकदम बाहेर पडल्यावर. हलकी सायकल दोन हात सरकवतो. ते माहीत असेल तर माणूस आधीच वाऱ्याकडे झुकतो, नसेल तर खडी भरलेल्या ट्रकच्या चाकाकडे जातो. पुढे सावलीतली वळणं लागतात. तिथे थांबलेल्या गाड्यांचं डिझेल सांडलेलं असतं, सकाळच्या उन्हात मोरपिसासारखं चमकतं आणि त्यावर चाक गेलं की साबणावर पाय दिल्यासारखं होतं. कारखाने सुरू झाले की ट्रेलरमधून पडलेली उसाची कांडकी. लोक म्हणतात ब्रेक दाबा, पण ब्रेक सतत दाबले की हातच बधिर होतात, आणि बोटं कुणाची आहेत तेच कळेनासं होतं. वळणाआधी दाबायचं, वळणात सोडायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा तर चौथ्या वळणावर सदऱ्याच्या गळ्यातून मधमाशी आत गेली. मी तिला छातीवर वागवत सातव्या वळणापर्यंत आणलं, थांबलो, सदरा काढला, तिला बाहेर सोडलं. ती जाताना चावली. माझ्या स्वभावाचीच निघाली.

आणि सहावं वळण. ते रुंद आहे, रस्ता तिथे चांगला आहे आणि डावीकडे एकदम सगळा खालचा मुलूख उघडतो. शेततळी, तुरीची पिवळी रानं, लांबवर आमच्या गावाकडची बाभळीची रांग. तिथे मी ब्रेकला हात लावत नाही. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहतं आणि मी पंचावन्न वर्षांचा आहे हे मला आठवत नाही. सगळा घाट मी त्या एका वळणासाठी चढतो.

असो. आता माझ्या पडण्याची गोष्ट. ती मी जिथे जाईन तिथे सांगतो, कारण ती कुणी नीट ऐकत नाही.

घाट संपला होता. अकरावं वळण घेऊन मी सपाटीला लागणार, तोच समोर रस्त्याच्या कडेला हुलगे पसरलेले. आमच्याकडे खळी उरली नाहीत; पीक डांबरावर टाकायचं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांनी ते मळून द्यायचं. ट्रकवाल्यांना त्याने काही होत नाही. पण रस्त्याची जी पट्टी सायकलवाल्याची, तीच या शेतकऱ्यांची. हुलगा हा दाणा आधीच गोल आणि कठीण. सायकलच्या चाकातले छर्रे बाहेर काढून पसरावेत, तसं ते. मी हँडल वळवलं, सायकल वळली नाही. मी आडवा झालो आणि खांद्यात कड्कन आवाज झाला.

बांधावरून एक शेतकरी धावत आला. मला वाटलं, मला उचलायला आला. तो माझ्याजवळून पुढे गेला आणि ओरडला, "आरारारा! समदा माल मातीत घातला की वो!"

"तुझा माल मातीत गेला आन् माझं हाड कुठं गेलं बघ!" मी पडल्या पडल्या ओरडलो.

"तुमाला रस्ता दिसंना व्हय, पाव्हणं? एवढी मोठी रास हाय!"

"रस्त्यावर रास करतोस आन् मला इचारतोस?"

आमचं हे बराच वेळ चाललं. मी उताणा, तो हातात खराटा घेऊन. शेवटी त्यानेच मला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं, हे कबूल करतो. पण वाटेतही आमचं भांडण सुरू होतं आणि मी मागे एका हाताने त्याची बंडी धरून बसलो असल्यामुळे मला जोर लावता येत नव्हता.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात झोळीत. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "लई जोरात होता का?" हुलगे रस्त्यावर का होते, हे एकानेही विचारलं नाही. कहर म्हणजे आठवड्याने तो शेतकरी घरी आला, शेरभर हुलगे घेऊन. बायकोने त्याला चहा दिला, तो तिला ताई म्हणाला, आणि तो गेल्यावर तिने त्याच हुलग्यांच्या पिठाचे शेंगोळे केले. घरातल्या सगळ्यांनी लसणाच्या फोडणीचं ते पातेलं चाटून पुसून संपवलं. मी डाव्या हाताने खाल्ले. चांगले झाले होते. म्हणून राग कमी होत नाही.

झोळी निघाली त्या दिवशी मी सायकलची हवा तपासायला गेलो, तर बायको दारात उभी.

"चढायला माझी ना न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टरनी चालवायला सांगितलंय. पन उतरायचं न्हाई. टेम्पोत घालून आना सायकल."

"अगं, चूक त्या हुलग्यावाल्याची—"

"हाड तुमचं का त्याचं? सहा आठवडे बंडीची बटनं कुनी लावली?"

दुकानात मी चहा मागवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं. घरात मी पंप जागेवर ठेवला.

मग ते चार रविवार. माथ्यावर पोचायचं आणि खाली येणाऱ्या रिकाम्या पिकअपला हात करायचा. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर सायकल आडवी घालायची आणि ड्रायव्हरशेजारी बसायचं. चौथ्या रविवारचा ड्रायव्हर उतार लागला तसा गिअर काढून मोकळा झाला. इंजिनाचा आवाज पडला, नुसता टायरचा सूंऽऽ आवाज.

"न्यूट्रल मारलंस का रे?" मी विचारलं.

"डिझेल वाचतं, शेठ. खालपर्यंत तशीच जाती गाडी."

"आन् ब्रेक न्हाई लागला तर?"

"लागतोय की." त्याने पाय दाबून दाखवला. बुडाखालून जळका वास आला. मला माझ्या उजव्या चपलेची आठवण झाली. "तुमी लई घाबरता बुवा. सायकल चालवता ना?"

सातव्या वळणावर त्याने एका हाताने तंबाखू मळली. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणालो, की टेम्पोत मरण्यापेक्षा सायकलवर मरेन. ती म्हणाली, "मग चढूच नका." म्हणजे जी अर्धी भाकरी होती, तीही ताटातून गेली.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आणि भावजय मुक्कामाला आले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे बैलबाजारातले दलाल होते. बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. सासऱ्यांना मुलगा आणि मुलगी दोन्ही सारखी. घरी बसून त्यांनी दोघांनाही ही बोटं शिकवली होती. माझं तर पोटच त्या बाजारावर भरलं होतं.

जेवणं झाली होती. पाहुणे समोर, मी आणि ती शेजारी शेजारी, माझ्या मांडीवर हात पुसायचा पंचा. मेव्हण्याने विचारलं, "दाजी, सायकल बंद केली का?" मी तोंड उघडणार एवढ्यात पंच्याखाली तिचा हात आला. तिने माझी दोन बोटं धरली.

मी ओळखलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून ती सौदा करत होती. दोन! म्हणजे अकरापैकी दोन वळणं पायी उतरायची, बाकीची नऊ सायकलवर. एवढा स्वस्त सौदा! पण पहिल्या बोलीला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी तिचं एक बोट धरलं.

तिने माझ्याकडे चमकून पाहिलं. मग तीन बोटं धरली.

हे मला नवीन होतं. मी खाली आलो की समोरचा थोडा तरी खाली येतो. ही वर गेली. मी चिडून पुन्हा एकच बोट दाबलं, जरा जोरात. तिने चार धरली.

"दाजी, एक बैल हाय का जोडी?" समोरून मेव्हणा म्हणाला. त्याची नजर पंच्यावर होती.

"तू पान खा," मी म्हणालो.

मी माघार घेऊन दोन बोटं दाबली, तिच्या पहिल्या बोलीवर. तिने सगळा पंजा धरला. मी घाबरलो. ही बाई अशीच वाढत गेली तर अकरावर जाऊन बसेल आणि मी होतो तिथेच. मी तिचा पंजा धरला, दाबला, सोडला. सौदा पक्का. दोनात मिळत होतं ते मी घासाघीस करून पाचावर नेलं, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पण हिशेब मांडला तेव्हा बरं वाटलं : वरची सहा वळणं सायकलवर, खालची पाच पायी. सहावं वळण माझ्या पदरात होतं.

"मी येनार हाय मागं," रात्री भांडी आवरताना ती म्हणाली. "स्कुटीवर. सौदा पाळताय का बघायला."

रविवारी ती खरंच आली. चढताना ती पुढे जाऊन थांबायची, मी धापा टाकत पोचलो की पुढच्या वळणाला जायची. माथ्यावर टपरीवाल्याने तिला साखरेचा चहा दिला आणि एका माकडाने तिच्या पिशवीतली केळी नेली. तिला त्याचंही हसू आलं. मग मी पट्टा आवळला.

पहिल्या वळणावर वारा आला, मी झुकलो, सायकल सरळ राहिली. तिसऱ्याला डिझेलचा पट्टा होता. मी आतून काढली. मागे स्कुटीचा बारीक आवाज. चौथं, पाचवं. हाडाची आठवण गेली, हात मोकळे झाले. समोर सहाव्याचा कठडा दिसू लागला आणि मी ब्रेकवरची बोटं उचलली.

मागून हॉर्न. एकदा नाही, सलग, कुणी बटणावर बसल्यासारखा. मला वाटलं ती पडली. मी कचकन ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, कठड्याशी जाऊन थांबलो. वळून पाहतो तर ती धडधाकट, स्कुटी कडेला लावून कमरेवर हात ठेवून उभी.

"काय झालं?" मी ओरडलो.

"पाच झाली. उतरा."

"पाच कशी झाली? सहा माझी! पाच पायी ठरलीत, पाच!"

"पाच पायी? पाच सायकलवर ठरलीत!"

"मग पयल्यांदा दोन कशाला धरलीस?"

"दोन वळनं सायकलवर देत हुते! तुमी म्हनालात एकच द्या. मला वाटलं रुसलाय, म्हनून मी वाढवत गेले. वाढवलं तरी तुमचं आपलं एक!" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला दया आली."

बाजारात बोटं धरण्याआधी दलाल मोठ्याने सांगतो, शेकड्यात का हजारात. आम्ही दोघंही तेवढंच विसरलो होतो. एक दलालाची मुलगी, दुसरा बाजारात वाढलेला. मी त्यावर काहीतरी जळजळीत बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तो सूंऽऽ आवाज आला. वरून एक पिकअप, इंजिन गप्प, क्रेट रचलेले. वळण कापत तो थेट आमच्या बाजूला आला. आमच्यापासून हातभर अंतरावरून, डांबराच्या ज्या पट्टीवरून मी ब्रेक न लावता जायचो तिच्यावरून, तो निघून गेला. हॉर्न नाही, काही नाही. वाऱ्याने तिचा पदर उडाला. वळणापलीकडून जळक्या ब्रेकचा वास तेवढा परत आला.

मी भित्रा नाही. पण मी सायकलवरून उतरलो. तिने पदर सावरून खोचला. ती काही बोलली असती तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं.

"पाच म्हनजे पाच," मी म्हणालो आणि सायकल हातात धरून सहावं वळण चालायला लागलो. ती स्कुटीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, माझ्याबरोबर. चालत गेलं की ते वळण केवढं लांब आहे हे कळतं. शेततळी, तुरीची रानं, सगळं दिसत होतं. तीच बघत होती खरी.

"हे बघायला येता व्हय?" तिने विचारलं.

"बघायला न्हाई. जायला."

वळण संपलं तशी ती थांबली. "बसा."

"आता काय? पायी ठरलंय ना."

"तुमाला मागचं ऐकू येत न्हाई. मला येतं. आरशात दिसतं बी." तिने आरशावर बोट मारलं. "तुमच्याकडं काय हाय? घंटी. मी मागं राहते. लांब हॉर्न दिला की उतरायचं, इचारायचं न्हाई. न्हाई दिला तर जावा."

"किती वेळा देनार?" मी विचारलं.

"ते ठरवायचं न्हाई."

माझ्या आयुष्यात न ठरवता घेतलेला हा एकमेव सौदा. मी सायकलवर बसलो.

त्या रविवारी तिने उरलेल्या पाच वळणांत चार वेळा हॉर्न दिला. पुढच्या रविवारी अकरांत सात. प्रत्येक वेळी मी उतरलो आणि प्रत्येक वेळी खाली पोचल्यावर भांडलो. एकदा तिने दिलेला हॉर्न उसाच्या ट्रेलरसाठी होता, तो मला मान्य आहे. एकदा शेळ्यांसाठी, तोही मान्य. हळूहळू आकडा उतरायला लागला, मी काही न बोलता, आणि सहाव्या वळणावर तर गेले दोन महिने मागून नुसता स्कुटीचा आवाज असतो.

गेल्या रविवारी दोनच झाले. त्यातला दुसरा आठव्या वळणावर होता, रस्ता मोकळा, आभाळ निरभ्र. तो माकडांसाठी होता असं माझं म्हणणं आहे. ती म्हणते दोन्ही हॉर्न माझ्यासाठीच. घरी येईपर्यंत आम्ही त्यावर भांडत आलो, ती स्कुटीवर, मी सायकलवर, शेजारी शेजारी. समोरून येणारा एसटीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.